जुन्या बाहुली-मालिका आणि पडद्यावरचा शेक्सपिअर: घरी पाहायला सुरुवात कशी करावी

३० सप्टेंबर १९६५ रोजी ब्रिटनच्या टीव्हीवर ‘थंडरबर्ड्‌स’चा पहिला भाग लागला. सगळी पात्रं बाहुल्या, सगळी विमानं छोटी मॉडेलं आणि गोष्ट मात्र जीव टांगणीला लावणारी. पुढे डिसेंबर १९७८ ते एप्रिल १९८५ या काळात बीबीसीने शेक्सपिअरची ३७ नाटकं चित्रित करून घरोघरी पोचवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मी दोन्ही आलटून पालटून पाहत गेलो आणि मला त्यांची जात एकच वाटू लागली. दोन्हीकडे आधी आवाज येतो, चित्र त्याच्या मागून. बाहुलीचा चेहरा हलत नाही, म्हणून सगळा अभिनय आवाजावर. शेक्सपिअरच्या रंगमंचावर किल्ला नसतो, जंगल नसतं, वादळ नसतं. ते बोलणाऱ्याने शब्दांनी उभं करायचं असतं. म्हणून हे पाहायला शिकणं म्हणजे बरंचसं ऐकायला शिकणं आहे. पुढच्या सगळ्या सूचना याच समजुतीवर बेतलेल्या आहेत.

पहिली पायरी: एक भाग, एक नाटक

नव्या माणसाची गाडी बहुधा इथेच अडते. उत्साहाने अख्खा संच मिळवायचा, यादी करायची, सगळ्यात थोर म्हणून ‘हॅम्लेट’ लावायचं आणि दीड तासात झोपी जायचं. तसं करू नका. बाहुल्यांचा एक भाग आणि शेक्सपिअरचं एक नाटक, एवढंच ठरवा.

बाहुल्यांमध्ये सुरुवात ‘थंडरबर्ड्‌स’च्या पहिल्याच भागाने करावी. त्याचं नाव ‘ट्रॅप्ड इन द स्काय’. जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या जोडप्याने लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या औद्योगिक वसाहतीत स्टुडिओ थाटला होता. ‘सुपरकार’, ‘फायरबॉल एक्सएल ५’, ‘स्टिंगरे’ अशा मालिका करत करत ही मंडळी ‘थंडरबर्ड्‌स’पर्यंत पोचली. त्यांच्या तंत्राला त्यांनी ‘सुपरमॅरिओनेशन’ हे नाव दिलं होतं. बाहुल्या आपल्या कळसूत्री बाहुल्यांसारख्याच वरून हलवायच्या, पण दोऱ्यांच्या जागी टंगस्टनच्या बारीक तारा. संवाद आधी ध्वनिमुद्रित व्हायचे. चित्रीकरणाच्या वेळी ती फीत लावली की तिचा विद्युत-संदेश तारेतून बाहुलीच्या डोक्यात बसवलेल्या छोट्या विद्युतचुंबकी यंत्रणेपर्यंत जायचा आणि शब्दाबरोबर खालचा ओठ हलायचा. म्हणजे आवाज पुढे आणि बाहुली त्याच्या मागे, हे इथे अक्षरशः खरं आहे. ती यंत्रणा डोक्यात मावावी म्हणून डोकी शरीराच्या मानाने मोठी करावी लागली. बाहुल्या नाचवणारे कलाकार सेटच्या वर, उंच पुलावर उभे असत आणि खाली काय दिसतंय ते मॉनिटरवर पाहत काम करत.

पहिल्या भागाची गोष्ट सोपी आहे. फायरफ्लॅश नावाचं अणुऊर्जेवर चालणारं नवंकोरं प्रवासी विमान लंडनहून निघालं आहे आणि त्याच्या चाकांच्या जागेत कुणीतरी बॉम्ब ठेवला आहे. उतरलं तर स्फोट होणार, फार वेळ हवेत राहिलं तर किरणोत्साराने प्रवासी मरणार. मग ‘इंटरनॅशनल रेस्क्यू’ नावाची गुप्त बचावसंस्था, म्हणजे जेफ ट्रेसी आणि त्याचे पाच मुलगे, मदतीला निघतात. बचावाचा प्रसंग नीट लक्ष देऊन पाहा. धावपट्टीवर वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या पाठीवर ते अजस्र विमान चाकं न काढता अलगद टेकवायचं असतं. ऐन वेळी एक गाडी बिघडते, ती बाजूला काढून दुसरी आणावी लागते. हे सगळं टेबलावर मावणाऱ्या मॉडेलांवर चित्रित झालं आहे, हे माहीत असूनही आपण श्वास रोखून धरतो.

त्याच भागात व्हर्जिल ट्रेसी आपल्या विमानात कसा पोचतो तेही पाहा. तो भिंतीवरच्या रॉकेटच्या चित्राला पाठ लावून उभा राहतो. चित्राची फळी कलते, तो डोकं खाली करून घसरगुंडीवरून सरकतो, फिरत्या पाटावरून वळतो आणि थेट चालकाच्या जागेत येऊन बसतो. मग डोंगराच्या कड्याचा दरवाजा खाली पडतो, दुतर्फाची ताडाची झाडं मागे झुकतात आणि ते हिरवं धूड बाहेर येतं. या सोहळ्यामागे एक अडचण आहे: तारेवरच्या बाहुलीला पटेल असं चालता येत नाही. म्हणून ती मंडळी घसरगुंड्या, सरकते पट्टे, उडत्या गाड्या वापरतात. अडचणीतून इतकं देखणं काही निघालेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

काही सुरुवातीचे भाग मध्येच रेंगाळतात. त्याचं कारण असं की मालिका २५ मिनिटांच्या भागांची म्हणून सुरू झाली होती. निर्मितीला पैसा पुरवणारे ल्यू ग्रेड यांनी पहिला भाग पाहिला आणि हे तासाभराच्या वेळेत शोभेल असं करा, असं सांगितलं. त्यामुळे झालेल्या भागांत नवे प्रसंग घालून ते ५० मिनिटांचे करावे लागले. एकूण भाग ३२ आहेत. सगळे पाहायची गरज नाही. पहिल्यानंतर ‘टेरर इन न्यूयॉर्क सिटी’ आणि ‘अटॅक ऑफ द ॲलिगेटर्स!’ पाहा. दुसऱ्यात सुसरी म्हणून खऱ्याखुऱ्या मगरींची पिल्लं मॉडेलच्या घरात सोडली आहेत.

नाटकांमध्ये माझा आग्रह ‘मॅकबेथ’चा आहे, आणि तोही ट्रेव्हर नन यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी बसवलेल्या प्रयोगाचा. इयन मकेलन मॅकबेथ, जूडी डेंच लेडी मॅकबेथ. १९७६ साली स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या छोट्याशा नाट्यगृहात तो झाला आणि पुढे थेम्स टेलिव्हिजनसाठी चित्रित केला गेला. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये हे सगळ्यात आटोपशीर नाटक. चित्रित प्रयोग साधारण अडीच तासांचा आहे आणि त्यात उपकथानकांचा गुंता नाही. नेपथ्य जवळपास शून्य. सगळे नट वर्तुळात बसलेले, भोवती मिट्ट काळोख, कॅमेरा चेहऱ्यांच्या इतका जवळ की कपाळावरचा घाम दिसतो. झोपेत चालण्याच्या प्रवेशात जूडी डेंच एक लांबलचक, घशातून ओढून काढल्यासारखा हुंकार देतात. त्या क्षणी भाषा कळते की नाही हा प्रश्नच उरत नाही.

शोकांतिका नको, हलकंफुलकं हवं, असं वाटत असेल तर बीबीसीचं १९८० सालचं ‘ट्वेल्फ्थ नाइट’ घ्या. त्यात नायिका व्हायोला झालेल्या फेलिसिटी केंडल भारतात वाढल्या. त्यांच्या आईवडिलांची ‘शेक्सपिअराना’ ही मंडळी भारतभर शाळांतून, संस्थानांतून शेक्सपिअरचे प्रयोग करत हिंडायची. त्यांची थोरली बहीण जेनिफर आणि मेहुणे शशी कपूर यांनीच १९७८ मध्ये जुहूचं पृथ्वी थिएटर उभं केलं. मुंबईच्या नाट्यवेड्या माणसाला त्यांची व्हायोला पाहताना म्हणूनच थोडी जवळीक वाटते.

बाहुल्यांमधून नाटकाकडे नेणारा पूल

दोन्ही टोकं एकदम जमणार नाहीत असं वाटत असेल, किंवा घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील, तर मध्ये एक सुंदर टप्पा आहे. ‘शेक्सपिअर: द ॲनिमेटेड टेल्स’ या मालिकेत १२ नाटकं प्रत्येकी अर्ध्या तासात सांगितली आहेत. वेल्सच्या एस-फोर-सी वाहिनीने पुढाकार घेतला, मॉस्कोच्या चित्रकारांनी आणि बाहुलीकारांनी चित्रं केली, संवाद ब्रिटिश नटांच्या आवाजात. सहा भाग १९९२ चे, सहा १९९४ चे. त्यातले ‘द टेम्पेस्ट’, ‘ट्वेल्फ्थ नाइट’, ‘द विंटर्स टेल’ आणि ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ हे चार भाग चक्क बाहुल्यांचे आहेत. इथे बाहुल्यांना तारा नाहीत. बाहुली केसभर हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची, अशी ती रीत. मुळातले शब्द जागोजाग तसेच ठेवले आहेत, त्यामुळे कानाला वळण लागतं.

त्याच वाटेवरची मोठी कलाकृती म्हणजे चेक बाहुलीकार यिरी त्रन्का यांचा १९५९ सालचा ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’. सव्वा तासाच्या आतबाहेरचा हा चित्रपट आहे. बाहुल्यांचे चेहरे त्यांनी मुद्दाम स्थिर ठेवले. मान किती कलली, प्रकाश कुठल्या बाजूने पडला, हात कसा उचलला, यावर भाव बदलतात. त्याच्या इंग्रजी आवृत्तीला रिचर्ड बर्टन यांचं निवेदन आहे. तो पाहिल्यावर बाहुल्या म्हणजे पोरखेळ ही समजूत आपोआप गळून पडते.

दुसरी पायरी: मिळवायचं कुठून

इथे थोडं रोखठोक लिहितो. कुठल्या ॲपवर काय आहे हे सतत बदलत असतं आणि भारतात एक, ब्रिटनमध्ये दुसरं, अमेरिकेत तिसरं असं असतं. म्हणून आधी नेमकं नाव आणि साल शोधा, ते तुमच्या देशात दिसतंय याची खात्री करा आणि मगच वर्गणी भरा. ‘मॅकबेथ’ असं नुसतं शोधलंत तर वीस वेगवेगळे मॅकबेथ पुढे येतील. ‘मकेलन डेंच’ जोडून शोधा.

लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाचे चित्रित प्रयोग त्यांच्या स्वतःच्या ‘ग्लोब प्लेअर’वर भाड्याने किंवा विकत मिळतात. लंडनच्या नॅशनल थिएटरची ‘नॅशनल थिएटर ॲट होम’ ही सेवा २०२० च्या डिसेंबरपासून सुरू आहे आणि ती भारतातूनही पाहता येते. हे प्रयोग तुलनेने अलीकडचे आहेत. जुन्या बीबीसी मालिकेसाठी मात्र डीव्हीडी हा अजूनही भरवशाचा मार्ग. विद्यापीठांच्या आणि जुन्या कॉलेजांच्या इंग्रजी विभागांत हे संच असू शकतात. ओळख काढून विचारायला संकोचू नका. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड जरूर काढावं. बऱ्याच ग्रंथालयांच्या कार्डावर ‘कॅनोपी’ ही सेवा फुकट असते, शिवाय कपाटात डिस्क असतातच.

परदेशातून डिस्क मागवणार असाल तर त्यावरचा प्रदेश-क्रमांक बघूनच मागवा. डीव्हीडीच्या हिशेबात भारत ५ व्या विभागात येतो, ब्रिटन २ मध्ये, अमेरिका १ मध्ये. ब्लू-रेसाठी भारत सी, ब्रिटन बी, अमेरिका ए. आपल्याकडचा प्लेअर ‘सर्व विभाग’ चालवणारा आहे का ते आधी तपासा. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये विभाग बदलता येतो, पण साधारणतः पाचच वेळा. पाचव्या वेळी जो ठेवाल तो कायमचा. ब्रिटिश आणि भारतीय टीव्हीची जुनी पद्धत पाल हीच, त्यामुळे त्या बाबतीत अडचण नाही. अमेरिकन डिस्क एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीच्या असतात. आजचे बहुतेक टीव्ही त्याही दाखवतात.

यूट्यूबवर शोधताना अधिकृत वाहिनीच बघा. कुणीतरी चढवलेल्या प्रतींमध्ये पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं केलेलं असतं, कडा कापलेल्या असतात किंवा आवाज किंचित वेगाने चालवलेला असतो. ज्या कलेत आवाजावर सगळी मदार आहे तिथे आवाजच बिघडवलेली प्रत पाहण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: आधी आवाज लावा

बहुतेक लोक चित्राची मांडणी तासभर करतात आणि आवाजाकडे बघतही नाहीत. आपण उलट करू या.

या मालिका आणि नाटकांचा मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. त्यामुळे टीव्हीतला किंवा साउंडबारमधला कृत्रिम ‘सराउंड’ बंद करा. तो चालू असला की संवाद खोलीभर पसरतो आणि व्यंजनं विरघळतात. संवाद ठळक करणारा ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ असा पर्याय असेल तर तो लावून बघा, बास खाली आणा. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर मागच्या किंवा खालच्या बाजूला असतात. शक्य असेल तर साधे दोन स्पीकर समोर ठेवा. एकट्याने पाहताना चांगला हेडफोन सगळ्यात उत्तम. पंख्याचा वेग एक घर कमी करा. उन्हाळ्यात हे जड जातं, पण फरक लगेच कळतो.

इंग्रजी उपशीर्षकं लावा. शेक्सपिअर इंग्रजीत शिकवणारे प्राध्यापकही लावतात, त्यात कमीपणा काही नाही. एक सवय मात्र लावून घ्या: एखादं मोठं स्वगत आलं की ते दोनदा ऐका. पहिल्यांदा उपशीर्षकं वाचत, मग मागे जाऊन ती बंद करून. दुसऱ्या वेळी नट कुठे श्वास घेतो, कुठल्या शब्दावर थांबतो, ते ऐकू येतं. वाचणारा डोळा हे कधी पकडू देत नाही.

बाहुल्यांच्या बाबतीत हाच प्रयोग वेगळ्या रीतीने करा. ‘थंडरबर्ड्‌स’मधला लेडी पेनलोपी आणि तिचा शोफर पार्कर यांचा एखादा संवाद डोळे मिटून ऐका. पेनलोपीचा आवाज सिल्व्हिया अँडरसन यांचाच आहे. नंतर डोळे उघडून तोच प्रसंग पाहा. चेहरा तोच, पण आता तो हसतो आहे, वैतागतो आहे असं वाटेल. (काही वेळा खरंच वेगळं डोकं बसवलेलं असतं. मुख्य बाहुल्यांची हसरी, रागीट, डोळे मिचकावणारी अशी जादा डोकी तयार असत.)

चौथी पायरी: चित्राची मांडणी

यात तीनच गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली म्हणजे चौकट. जुन्या टीव्हीचं चित्र जवळजवळ चौकोनी, ४:३ प्रमाणाचं असायचं. आजचा टीव्ही आडवा. डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येणारच, त्या येऊ द्या. ‘स्ट्रेच’ केलंत तर सगळे नट बुटके आणि जाडे दिसतील, ‘झूम’ केलंत तर बाहुल्यांची डोकी कापली जातील. रिमोटवर चित्राचा आकार ‘४:३’ किंवा ‘मूळ’ असा ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण सेटिंगमध्ये ‘मोशन’ हा शब्द शोधला की सापडते. ती बंद करा. टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या चौकटी घालू लागला की बाहुल्यांची लय बिघडते. मॉडेलं जड आणि प्रचंड वाटावीत म्हणून स्पेशल इफेक्टवाले डेरेक मेडिंग्ज आग, पाणी, स्फोट नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने टिपायचे, म्हणजे पडद्यावर ते संथ दिसतात. ती मोजूनमापून साधलेली गती आहे. ती यंत्राच्या हाती देऊ नका. तीक्ष्णता, म्हणजे ‘शार्पनेस’, तोही खाली आणा. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडमध्ये यातलं बरंचसं आपोआप होतं.

तिसरी गोष्ट समजून घेण्याची आहे. १९६५ ची बाहुली-मालिका झळझळीत आणि १९८० चं बीबीसीचं नाटक अंधुक, हे कसं, असा प्रश्न पडेल. अँडरसन मंडळी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करायची. ती फिल्म आज पुन्हा स्कॅन केली की हाय-डेफिनिशन चित्र मिळतं, इतकं की टंगस्टनच्या तारा स्पष्ट दिसतात. बीबीसीची बहुतेक नाटकं स्टुडिओत व्हिडिओटेपवर झाली. टेपमध्ये जेवढा तपशील तेव्हा उतरला तेवढाच आज आहे. म्हणून ५५ इंची पडद्यासमोर चार फुटांवर बसून ती पाहू नका. थोडे मागे सरका. संगणकावर व्हीएलसीमधून डीव्हीडी पाहत असाल आणि हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या, तर ‘डीइंटरलेस’ चालू करा.

आणि तारा दिसल्या तर दिसू द्या. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहताना आपण दोऱ्या मोजत बसतो का?

पाचवी पायरी: नाटकाच्या आधीचा अर्धा तास

शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना बहुतेक गोष्टी आधीच माहीत असायच्या. तेव्हा शेवट आधी कळला तर मजा जाईल ही भीती सोडा. कथानक वाचून घ्या, कागदावर मुख्य पात्रांची नावं आणि नाती लिहा आणि तो कागद जवळ ठेवा.

मराठी वाचकाला इथे एक मोठी सोय आहे, जी आपण पुरेशी वापरत नाही. ‘मॅकबेथ’च्या आधी शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ वाचा. ‘लिअर’च्या आधी विंदा करंदीकरांचं ‘राजा लिअर’ वाचा. पद्याला पद्यानेच भिडलेलं ते भाषांतर आहे आणि मोठ्याने वाचलं तर अंगावर काटा येतो. ‘द टेम्पेस्ट’साठी पाडगावकरांचं ‘वादळ’ आहे. ‘ऑथेल्लो’साठी देवलांचं १८९० चं ‘झुंझारराव’ आहे, ज्यात सगळी पात्रं आपल्याकडची करून घेतली आहेत. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं १८८३ मध्ये. त्याचं ऐतिहासिक मोल मोठं आहे, पण भाषा आज जड वाटते, म्हणून ते सुरुवातीला नको. पूर्ण नाटक वाचायला वेळ नसेल तर ज्या प्रवेशाची धास्ती वाटते तेवढाच वाचा. इंग्रजी मूळ संहिता वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते.

नाटक एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. पाच अंक आहेत. पहिले दोन एका संध्याकाळी, उरलेले तीन दुसऱ्या दिवशी, असं केलं तर ताण येत नाही. बीबीसीचं ‘हॅम्लेट’ साडेतीन तासांच्या घरातलं आहे. त्यात डेरेक जेकबी हॅम्लेट आणि पॅट्रिक स्टुअर्ट क्लॉडियस आहेत. ते मी तीन संध्याकाळींत पाहायला सांगेन. दोन दिवसांच्या मध्ये मात्र आठवडा जाऊ देऊ नका, नाहीतर धागा तुटतो.

बाहुल्यांना उलटा नियम. एका दिवशी एकच भाग. या मालिका आठवड्याला एक अशा पाहायच्या होत्या. सलग चार पाहिल्या की प्रत्येक वेळचं तेच उड्डाण कंटाळवाणं होतं, आणि आठवड्याने पाहिलं की तेच हवंहवंसं वाटतं.

सहावी पायरी: मुलं आणि घरातली वडीलधारी मंडळी

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘थंडरबर्ड्‌स’ थोडी लांब पडते. त्यांच्यासाठी ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन यांची १९६९ मध्ये सुरू झालेली ‘द क्लँगर्स’ लावा. चंद्रासारख्या छोट्या ग्रहावर राहणारे हे विणलेले गुलाबी प्राणी शिट्टीच्या सुरांत बोलतात. निवेदन इंग्रजीत आहे, पण ते तुम्ही मराठीत सांगितलंत तरी काही बिघडत नाही, कारण प्राण्यांचं बोलणं कुठल्याच भाषेत नाही. भाग दहाएक मिनिटांचे.

घरात हसरं, गाण्याबजावण्याचं काही हवं असेल तर ‘द मपेट शो’. १९७६ ते १९८१, १२० भाग. अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सन यांना त्यांच्या देशातल्या वाहिन्यांनी ही मालिका दिली नाही. ती दिली लंडनच्या ल्यू ग्रेड यांनी, ज्यांनी ‘थंडरबर्ड्‌स’ला पैसा दिला त्यांनीच. पाहुणे कलाकार त्या काळचे असल्यामुळे सगळे ओळखीचे नसतील, त्याने अडत नाही.

मुलांबरोबर पाहताना काही गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. ‘थंडरबर्ड्‌स’मध्ये मंडळी सर्रास सिगारेट ओढतात. त्यातला खलनायक हूड हा आशियाई, जादूटोणा करणारा, आणि त्याचा सावत्र भाऊ किरानो हा ट्रेसींच्या घरचा नोकर. गोऱ्या जगाची आशियाकडे बघण्याची तेव्हाची नजर तिथे उघड दिसते. अँडरसन मंडळींचीच पुढची मालिका ‘कॅप्टन स्कार्लेट’ (१९६७) तर बरीच हिंसक आहे. त्यातल्या बाहुल्यांची ओठांची यंत्रणा छातीत हलवल्यामुळे डोकी माणसासारखी प्रमाणात झाली, आणि त्यामुळे मरणही जास्त खरं वाटतं. दहा वर्षांखालच्या मुलांना मी ती दाखवणार नाही.

नाटकांतही हे आहे. बीबीसीच्या १९८१ च्या ‘ऑथेल्लो’मध्ये अँथनी हॉपकिन्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून काळा ऑथेल्लो केला आहे. बॉब हॉस्किन्स यांचा खलनायक इयागो जबरदस्त असूनही मला तो प्रयोग पाहवत नाही. त्याऐवजी जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये जॅनेट सुझमन यांनी १९८७ साली बसवलेला आणि नंतर चित्रित झालेला ‘ऑथेल्लो’ मिळवा. वर्णभेदाचं राज्य चालू असताना जॉन कानी या काळ्या नटाने त्या भूमीवर ऑथेल्लो उभा केला. आपल्या गोऱ्या बायकोला, डेस्डिमोनाला, तो जवळ घेतो तेव्हा त्या शहरात ही साधी जवळीकसुद्धा किती मोठी होती ते विसरता येत नाही.

आजी-आजोबा बरोबर असतील तर शोकांतिकेच्या आधी गोष्ट मराठीत सांगा आणि मग नुसतं ऐकू द्या. ज्यांनी ‘नटसम्राट’ रंगमंचावर पाहिलं आहे, त्यांना ‘लिअर’ पाहताना फार समजावून सांगावं लागत नाही. ग्रॅनडा टेलिव्हिजनचा १९८३ चा ‘किंग लिअर’ त्यांच्यासाठी निवडा. लॉरेन्स ऑलिव्हिए तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते आणि शरीर खरोखरच थकलेलं होतं. वादळाच्या प्रवेशापेक्षा शेवटच्या प्रवेशात ते जास्त भिडतात.

एवढं झाल्यावर पुढे काय

एकच स्वगत तीन नटांकडून ऐका. हॅम्लेटचं कुठलंही घ्या: डेरेक जेकबी यांचं १९८० चं, ख्रिस्तोफर प्लमर यांचं १९६४ चं (हे डेन्मार्कच्या खऱ्या एल्सिनोर किल्ल्यात चित्रित झालं आहे) आणि रिचर्ड बर्टन यांचं, ब्रॉडवेवरचं, त्याच १९६४ सालचं. बर्टनचा प्रयोग थिएटरमध्ये चालू असतानाच इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी टिपला गेला. थोडे दिवस सिनेमागृहांत दाखवून सगळ्या प्रती नष्ट करायच्या असं ठरलं होतं. बर्टन यांच्याकडे राहिलेल्या प्रतीमुळे तो आज पाहता येतो. नट तालमीच्या साध्या कपड्यांत आहेत. सगळं लक्ष बोलण्यावरच जातं.

बाहुल्यांत ‘स्टिंगरे’कडे मागे जा आणि पाण्याखालची दृश्यं नीट पाहा. पाणबुडी कोरड्या सेटवरच आहे. कॅमेरा आणि सेट यांच्यामध्ये माशांची एक अरुंद काचेची टाकी ठेवली आहे. मासे खरे, बुडबुडे खरे, समुद्र मात्र नाही.

आणि हिवाळ्याच्या सुट्टीत वेळ मिळाला तर जेन हॉवेल यांनी बीबीसीसाठी १९८३ च्या सुमारास केलेली चार नाटकं लागोपाठ पाहा: ‘हेन्री सहावा’चे तीन भाग आणि ‘रिचर्ड तिसरा’. लाकडी फळ्यांचा, मुलांच्या खेळाच्या मैदानासारखा रंगीत सेट आहे. एकाच मंडळीतले नट वेगवेगळ्या भूमिकांत पुन्हा पुन्हा येतात. नाटकागणिक तो सेट जळत, मोडत, काळवंडत जातो. नावांचा गोंधळ प्रचंड आहे. अर्धे एडवर्ड, अर्धे रिचर्ड. म्हणून पहिला भाग लावण्याआधी गादीसाठी भांडणाऱ्या लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांचे वंशवृक्ष मोठ्या कागदावर काढा, लँकेस्टर लाल शाईने, यॉर्क निळ्याने. कागद टीव्हीच्या शेजारी चिकटवा, आणि जो मरेल त्याच्या नावावर काट मारत चला.